'डिस्मे' : अवसान कोणाचे गळते?

दलित साहित्याची परीक्षणे वाचताना एक क्रियापद सतत भेटते. हे आत्मकथन वाचून मी हादरून गेलो, या कवितेने मन सुन्न झाले, वाचक अंतर्बाह्य हादरतो, अशा धर्तीची वाक्ये आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. गेल्या पन्नास वर्षांत लेखकांच्या पिढ्या बदलल्या, प्रकाशक बदलले, समीक्षकही बदलले; हे क्रियापद मात्र जागचे हललेले नाही. आता आपले साहित्य इंग्रजीतून वाचले जाते, विद्यापीठांतून अभ्यासाला लावले जाते. तिकडेही 'शॉक', 'अपॉल', 'डिस्मे' असे शब्द त्याची वाट अडवून उभे असतात. म्हणजे भाषा बदलली तरी दलित साहित्याच्या वाचकाला काय झाले याचीच वार्ता आधी दिली जाते. साहित्यात काय आहे ते नंतर.

या शब्दांपैकी 'डिस्मे' हा एकच शब्द येथे तपासायचा आहे. तो सौम्य आहे, सुशिक्षित आहे, वरकरणी सहानुभूतीचा आहे. म्हणूनच तो कोणाच्या तोंडी येतो, कशामुळे येतो आणि आल्यानंतर काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे भीती, निराशा, धास्ती, विषाद असे चारपाच अर्थ दिलेले आढळतात. यांतला एकही नेमका नाही. शब्दाचे मूळ पाहिले की हे ध्यानात येते. सुमारे १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो. इंग्लंडवर १०६६ मध्ये नॉर्मन लोकांची सत्ता आली, आणि त्या राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेतून पुढे शेकडो शब्द इंग्रजीत उतरले, त्यांपैकीच हा. पण त्याचा गाभा फ्रेंच नाही, जर्मानिक आहे. 'समर्थ असणे', 'करू शकणे' या अर्थाचा एक जुना धातू त्यात आहे. इंग्रजीतले 'मे' हे साहाय्यक क्रियापद आणि बळ या अर्थाचा 'माइट' हा शब्द त्याच धातूपासून आले. त्याला 'काढून घेणे' या अर्थाचा उपसर्ग लागला. तेव्हा 'डिस्मे' म्हणजे सामर्थ्य काढून घेतले जाणे. स्पॅनिश भाषेत याच कुळातला 'देस्मायो' हा शब्द आजही मूर्च्छा या अर्थाने वापरतात. माणूस उभ्या जागी कोसळतो, ते 'देस्मायो'.

वर्गात हा शब्द शिकवताना अनुभव असा येतो की कोशातले अर्थ सांगितले तर विद्यार्थी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. पण मूळ अर्थ सांगून 'याला तुमच्या घरी काय म्हणतात?' असे विचारले, की एखादी मुलगी चटकन म्हणते, 'अवसान गळणं.' दुसरा म्हणतो, 'हातपाय गळणं.' ही दोन्ही उत्तरे कोशापेक्षा बरोबर आहेत. अवसान म्हणजे हिंमत, आवेश, अंगातले बळ. ते आधी असते आणि मग गळते. 'डिस्मे' या शब्दाची सगळी रचनाच अशी आहे. ज्याच्याकडे काही होते, त्याचेच जाते.

१६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द याच जुन्या, दणकट अर्थाने येतो. मोशेनंतर लोकांना पुढे नेण्याची जबाबदारी यहोशवावर पडते, तेव्हा त्याला जी आज्ञा होते तीत भय आणि 'डिस्मे' या दोन गोष्टी जोडीने, पण वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पुढे लढाई आहे, हातपाय गळून चालणार नाही, असा त्याचा रोख. म्हणजे त्या काळी हा शब्द रणांगणावरचा होता. त्याचा संबंध कृतीशी होता. अवसान गळले तर लढाई हरली जाणार, इतका तो गंभीर होता.

त्याची भावंडेही पाहण्यासारखी आहेत. 'अलार्म' हा शब्द इटालियन भाषेतल्या 'शस्त्रे उचला' या हाकेतून आला. आज आपण त्या नावाने उशाशी घड्याळ ठेवतो, पण मुळात ती सैनिकांना दिलेली आरोळी आहे. 'अपॉल' या शब्दाच्या मुळाशी पांढरे पडणे, निस्तेज होणे हा अर्थ आहे. तेव्हा संकट समोर आले असता एक शब्द शस्त्र उचलायला सांगतो, दुसरा चेहऱ्याचा रंग उडाल्याचे सांगतो आणि तिसरा, म्हणजे आपला 'डिस्मे', हातातले शस्त्र गळून पडल्याचे सांगतो. दलित साहित्याच्या वाचकाला यांतले काय होते, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ शब्दांचा राहत नाही.

आता आजचा वापर पाहू. गेल्या काही शतकांत 'डिस्मे'चे बळच गळाले आहे. आज इंग्रजी लिहिणारा माणूस 'टू माय डिस्मे' असे म्हणून वाक्याला सुरुवात करतो, पुढे स्वल्पविराम देतो आणि मग सांगतो की गाडी चुकली होती किंवा दुकान बंद होते. रणांगणावरचा शब्द दिवाणखान्यात आला आणि खुर्चीत बसला. राजनैतिक पत्रव्यवहारात आणि संस्थांच्या निवेदनांत तर त्याची खास सोय झाली आहे. धिक्कार करायचा नाही, पण गप्प राहणेही बरे दिसत नाही, अशा वेळी 'डिस्मे' व्यक्त करतात. त्यात कोणावर आरोप येत नाही, कोणतीही मागणी येत नाही, पुढे काय करणार याचे बंधन येत नाही. 'आम्हांला वाईट वाटले' एवढीच त्यात नोंद असते.

या शब्दाच्या व्याकरणातही एक गोष्ट दडलेली आहे. इंग्रजीत माणूस बहुधा काहीतरी कळल्यामुळे, ऐकल्यामुळे किंवा आढळल्यामुळे 'डिस्मेड' होतो. म्हणजे ही भावना घटनेची नसते. घटनेच्या बातमीची असते. ज्याच्यावर घटना कोसळते तो या वाक्याचा कर्ता सहसा नसतो. कर्ता असतो दूर बसलेला, वर्तमानपत्र उघडणारा, अहवाल वाचणारा. शिवाय आपली समजूत काही वेगळी होती, असे तो न बोलता सांगत असतो. जग बरे चालले आहे असे ज्याला वाटत होते, त्यालाच ते बरे नसल्याचे कळून धक्का बसू शकतो. ज्याला तसे कधी वाटलेच नव्हते, त्याच्या तोंडी हा शब्द येणार कसा?

याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण १९७२ चे आहे. त्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झालेली होती. १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारी शिक्षा व दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी शिक्षा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. सुसंस्कृत मंडळी व्यथित झाली, सभ्य मने दुखावली. कशाने? ध्वजाविषयी वापरलेल्या शब्दांनी. ब्राह्मणगावाने एवढा गदारोळ झाला नव्हता. ब्राह्मणगावाविषयी कोणी कठोर बोलले तेव्हा झाला. येथे 'डिस्मे'चा आजचा वापर शंभर टक्के लागू पडतो. अत्याचार हा धक्क्याचा विषय होत नाही. अत्याचाराचा उच्चार होतो. 'साधना'ने तो लेख छापला, याचे श्रेय त्या साप्ताहिकाला दिलेच पाहिजे. पण छापणाऱ्यांपेक्षा व्यथित होणारे संख्येने जास्त होते, हेही विसरता येत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्या मातीतली नाही. १९६३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात काळ्यांची निदर्शने चालू होती. अलाबामा राज्यातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढले आणि ही निदर्शने अविचारी व अवेळी असल्याचे म्हटले. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा तेथील तुरुंगात होते. १६ एप्रिलची तारीख घातलेल्या आपल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी याच विसंगतीवर बोट ठेवले. निदर्शनांचा तुम्हांला खेद होतो, पण ती ज्या परिस्थितीतून जन्मली तिचा तसाच खेद तुमच्या निवेदनात दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा सुव्यवस्थेवर प्रेम करणारा मवाळ गोरा माणूस त्यांना अधिक मोठा अडसर वाटला. परभणी आणि बर्मिंगहॅम यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. सभ्य माणसाचा धक्का मात्र दोन्हीकडे एकाच जागी बसतो.

पण हा शब्द आपल्या मूळ अर्थाने, म्हणजे सामर्थ्य काढून घेतले जाणे या अर्थाने, कोठे प्रकट होतो? तो प्रकट होतो १९७८ च्या मराठवाड्यात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. एका नावाने कोणाची जमीन जाणार नव्हती, कोणाचे घर जाणार नव्हते. तरीही गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. 'अस्मिता दुखावली', 'भावनांना धक्का बसला' ही तेव्हाची भाषा आठवून पाहावी. तो धक्का खराच होता. आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे सामर्थ्य आपल्या हातून निसटत आहे असे ज्यांना वाटले, त्यांचे अवसान गळाले. मात्र सत्ताधाऱ्याचे अवसान गळते तेव्हा तो मूर्च्छित पडत नाही. त्याच्या हातात काडेपेटी येते. शब्दकोशात हा अर्थ सापडणार नाही. तो मराठवाड्यातल्या जळालेल्या घरांनी लिहिलेला आहे.

इंग्रजी भाषा दलिताच्या हाती आली तेव्हा तिने या भावनेचे काय केले, हे पाहायचे तर डॉ. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. १९३० नंतरच्या दशकात लिहिलेले हे छोटेसे आत्मपर लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यातील पहिली आठवण १९०१ ची आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे आहेत. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुले आपण महार असल्याचे सांगून टाकतात. येथे बाबासाहेबांनी केलेली शब्दांची वाटणी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. स्तंभित होतो तो स्टेशनमास्तर. चेहरा पालटतो तो त्याचा. किळस दाटून येते ती त्याला. मुले बुचकळ्यात पडतात. आपण असे काय केले, हे त्यांना उमगत नाही. पुढचा सारा प्रवास, म्हणजे दुप्पट भाडे कबूल केल्यावर मिळालेली गाडी, मुलांनीच ती हाकणे, गाडीवानाचे बाजूने पायी चालणे, रात्रभर पाण्यावाचून राहणे, हे सर्व अत्यंत संथ आणि कोरड्या इंग्रजीत येते.

बडोद्याच्या आठवणीतही हेच आहे. परदेशी विद्यापीठातून शिकून आलेला अधिकारी पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांकडून हुसकला जातो, मित्रांकडेही आसरा मिळत नाही, आणि तो मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहतो. वाचकाने हादरावे अशी कोणतीही सोय लेखकाने केलेली नाही. भावनेची विशेषणे वाटताना त्याने ती सवर्णाच्या पदरात टाकली आणि स्वतःकडे पुरावा ठेवला. ज्याला न्याय मागायचा असतो तो साक्ष देतो; हळहळ मागत नाही. दलित आत्मकथनाच्या समीक्षेने सुरुवात करायची तर ती या वाटणीपासून करायला हवी, असे आम्हांला वाटते.

मग दलिताची स्वतःची जी अवस्था आहे तिला शब्द कोणता? आपल्या वस्त्यांत तो कधीपासूनच आहे. तो शब्द 'धसका'. धसका आणि 'डिस्मे' यांना एकमेकांचे पर्याय मानणे ही भाषांतरातली मोठी चूक होईल. 'डिस्मे' घटनेनंतर येतो, धसका घटनेच्या आधी येऊन बसतो. 'डिस्मे' बातमीने होतो, धसका अनुभवाने होतो. 'डिस्मे' दोन दिवसांत ओसरतो. धसका घेतलेला माणूस तो आयुष्यभर वागवतो आणि पोरांच्या अंगावरही तो उतरतो. गावात पाटलाच्या घरी काही बिनसले की संध्याकाळपासूनच वस्तीत आवाज खाली येतात, पोरींना बाहेर जाऊ देत नाहीत, म्हातारी दाराशी बसून राहते. अजून काही घडलेले नसते. घडेल हे मात्र सर्वांना ठाऊक असते. याला इंग्रजीत 'डिस्मे' म्हणता येणार नाही, कारण येथे कोणाचीही समजूत मोडलेली नाही. समजूत बरोबर होती, हेच तर दुःख आहे.

हा प्रश्न भाषांतरकारांचा आहे तसा शिक्षकांचाही आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले आणि २००३ मध्ये ते इंग्रजीत 'द आउटकास्ट' या नावाने गेले. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी, म्हणून अक्करमाशी. गावाने माणसाला सोन्याच्या वजनात तोलून हिणकस ठरवल्याचा तो शब्द आहे. इंग्रजी नावात जातिबहिष्कार आला, पण तराजू गेला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. २००८ च्या इंग्रजी अनुवादाचे नाव तुरुंग फोडण्याची भाषा बोलते. 'आमुचं' या शब्दातला समूह तेथे 'आम्ही' होऊन टिकला, ही समाधानाची गोष्ट. तोटा असो वा नफा, तो शब्दाशब्दांत होत असतो. 'काळजात धस्स झालं' याचे इंग्रजी करताना 'डिस्मे' लिहिला की बोलणारी बाई वस्तीतून उठून दिवाणखान्यात जाऊन बसते. असे ठिकाण आले तर शब्द जसाच्या तसा ठेवावा किंवा अंगाला काय झाले ते सरळ सांगावे. आमच्या बायकांनी भीतीचे वर्णन नेहमी शरीरानेच केले आहे: पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, पाय लटपटले. हे सारे कोणत्याही भाषेत नेता येते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वाचकाने हादरू नये की काय? हादरण्यातूनच बदलाची सुरुवात होत नाही का? 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. आपल्याला अपरिचित असलेल्या त्या जगात जाऊन, ते डोळ्यांनी पाहून तेंडुलकरांनी लिहिले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. त्यांचे मन हादरले नव्हते असे कोण म्हणेल? हे सर्व मान्य आहे. पण या उदाहरणांत हादरणे हा शेवट नव्हता. माणूस हादरला आणि उठून चालू लागला. कोणी नामदेव ढसाळांच्या वस्तीपर्यंत गेला, कोणी मंदिराच्या दारात जाऊन बसला. त्यांच्या बाबतीत 'डिस्मे'चे रूपांतर 'अलार्म'मध्ये झाले, आणि तेही त्या शब्दाच्या जुन्या, हाक देणाऱ्या अर्थाने.

आक्षेप आहे तो हादरण्यावर थांबणाऱ्या समीक्षेवर. तिच्यामुळे दोन अनर्थ होतात. पहिला साहित्याचा. कृतीची रचना, भाषा, बोलीचा वापर, निवेदनाची पद्धत, विनोद, लेखकाने काय गाळले, हे काही तपासावे लागत नाही. वाचक किती हादरला एवढे मोजले की मूल्यमापन झाले. मग पुढचा लेखकही नकळत त्या मापासाठी लिहू लागतो आणि आपल्या आईचे हसणे गाळून तिचे रडणे तेवढे ठेवतो. दुसरा अनर्थ समाजाचा. धक्का व्यक्त केला की ऋण फिटल्यासारखे वाटते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महाराष्ट्राला 'धक्का' बसायला काही आठवडे लागले; नोव्हेंबरमध्ये दलित रस्त्यावर आले तेव्हा कोठे बातमी मोठी झाली. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू होत नाहीत असे ठरवले. धक्का नोंदला गेला, जात नोंदली गेली नाही. 'डिस्मे' या शब्दाच्या आजच्या वापराचे हेच सार आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना एवढेच सुचवायचे आहे. हा शब्द निवेदनात, अग्रलेखात किंवा परीक्षणात भेटला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणाला धक्का बसला? घडलेल्या गोष्टीने बसला की ती कोणी बोलून दाखवली म्हणून? आणि धक्का बसलेल्या माणसाच्या हाती जे सामर्थ्य होते, त्याचे त्याने पुढे काय केले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा वाक्यातच सापडतात. तिसऱ्याचे उत्तर वाक्यात नसते. ते गावात, न्यायालयात, विद्यापीठाच्या प्रवेशयादीत आणि प्रकाशकाच्या टेबलावर शोधावे लागते. आणि आपण स्वतः लिहायला बसू तेव्हा, आपल्या आजीच्या धसक्याला दुसऱ्या कोणाच्या विषादाचे नाव पडू नये, एवढी काळजी आपणच घ्यायची आहे.